वाकळ भिंतीवर टांगली की ती कला होते का?

वाचकांचे प्रश्न

कलादालनांतून भरतकाम, गोधडीकाम आणि विणकाम चित्र-शिल्पांच्या बरोबरीने मांडले जाऊ लागल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखही बदलला आहे. पूर्वी टाक्यांविषयी आणि दोऱ्यांच्या लडींविषयी विचारणा होत असे. आता वाचक विचारतात की हे काम पाहावे कसे, त्यावर नाव कुणाचे घालावे आणि ते टिकवावे कसे. या वेळी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेली पाच पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलीबरोबर पुण्यातल्या एका कलादालनात गेले होते. जुन्या साड्यांचे तुकडे जोडून शिवलेली, आमच्याकडे वाकळ म्हणतात तशीच एक गोधडी तिथे काचेच्या चौकटीत लावली होती आणि तिची किंमत पन्नास हजारांच्या वर होती. माझ्या सासूबाईंनी अशा वीस-पंचवीस वाकळा शिवल्या, पण त्यांना कुणी कलाकार म्हटले नाही. वाकळ भिंतीवर टांगली की ती कला होते का?
(एक वाचक, विटा)

उत्तर : भिंतीमुळे वाकळेत काहीही भर पडत नाही. पाहणाऱ्याची जागा मात्र बदलते, आणि तो बदल लहान नाही. अंथरुणातली वाकळ आपल्याला घडी घातलेली नाहीतर पांघरलेली, म्हणजे थोडी थोडीच दिसते. टांगल्यावर ती पहिल्यांदा सगळी एकदम दिसते. मग लक्षात येते की विटकरी लुगड्याचा मोठा पट्टा मधोमध न घेता जरा बाजूला घेतला आहे, खणाचा एकुलता एक तुकडा जपून कोपऱ्यात बसवला आहे, विरलेली बाजू आत गेली आहे, पदराचा धड राहिलेला भाग वर आला आहे, आणि कडेपासून आत फिरत गेलेला धावदोरा मध्यावर येईपर्यंत कुठेही घाईला आलेला नाही. हे सगळे तुमच्या सासूबाईंनी जमिनीवर बसून, कापड गुडघ्याखाली दाबून ठरवले होते. चित्रकार रंगांचे जे वजन तोलतो तेच त्या कापडाने तोलत होत्या. वाकळ कला झाली असेल तर ती शिवतानाच झाली आहे, टांगताना नव्हे.

कापड मांडून दाखवण्याची रीत आपल्याला कलादालनांनी शिकवलेली नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. लग्नातले रुखवत हे दुसरे काय होते? मॅटीच्या कापडावरचे फुलीचे टाके, मण्यांची तोरणे, भरलेले अभ्रे आणि रुमाल मांडवात मांडले जात, बायका भोवती उभ्या राहून टाका बारीक आहे की ढिला हे बोटाने चाचपून पाहत, आणि ‘हे नवरीनं स्वतः केलंय’ असे आवर्जून सांगितले जाई. पाहणाऱ्यांना पारख होती आणि करणारीचे नावही घेतले जात होते. उणीव एवढीच की लग्न आटोपले की सारे ट्रंकेत जाई आणि पुढे त्याची नोंद कुणाकडे राहत नसे.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. कापसाच्या शेतात राबून झिजलेल्या डेनिमच्या विजारी आणि सदरे फाडून तिथल्या बायका थंडीसाठी गोधड्या शिवत. २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि त्यानंतर न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या गोधड्या मांडल्या गेल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. मला त्या तुलनेपेक्षा मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट, ती म्हणजे त्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या नावांनिशी लोकांसमोर आल्या. त्याच्याही कितीतरी आधी, १९४९ मध्ये, न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने अ‍ॅनी अल्बर्स यांच्या विणकामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले होते. वस्त्रकलावंताला तिथे मिळालेला तो पहिलाच असा मान होता. अल्बर्स १९२२ साली जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत गेल्या तेव्हा विणकामाकडे स्वतःच्या ओढीने वळल्या नव्हत्या, कारण तिथे मुलींना बहुधा मागाकडेच धाडले जाई. आपल्याकडे मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी रंगवलेल्या जाड दोरांना हाताने गाठी मारत माणसाच्या उंचीच्या, कधी त्याहूनही मोठ्या आकृती उभ्या केल्या, आणि त्यासाठी त्यांनी माग वापरला नाही की आधी रेखाटनही केले नाही.

तुम्ही पाहिलेली किंमत कापडाची किंवा टाक्यांची नसते. त्या कलावंताने आधी काय काम केले आहे, ते कुठे मांडले गेले आहे आणि कुणाच्या संग्रहात आहे, यांवर ती ठरते, म्हणून त्या आकड्याने सासूबाईंच्या कामाची पारख करू नका. त्यांच्या वाकळांपैकी ज्या उरल्या असतील त्यांची दोन्ही बाजूंनी दिवसाउजेडी छायाचित्रे काढा आणि त्या हयात असतील तर शेजारी बसून लिहून घ्या, कारण कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

प्रश्न : प्रदर्शनांच्या माहितीत ‘टॅपेस्ट्री’ हा शब्द वारंवार येतो. टॅपेस्ट्री म्हणजे भरतकामच का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. भरतकामात कापड आधी तयार असते आणि सुईने त्यावर दोरा चढतो. टॅपेस्ट्रीत कापड आणि चित्र मागावर एकदमच जन्माला येतात. आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत न जाता आपल्या रंगापुरताच पुढेमागे फिरतो. हे समजायला युरोपात जाण्याची गरज नाही. पैठणीच्या पदरावरचा मोर याच रीतीने विणला जातो. घोटाळा वाढवणारे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रान्समधली बायो टॅपेस्ट्री. अकराव्या शतकातला, जवळजवळ ७० मीटर लांबीचा हा पट नावाने टॅपेस्ट्री असला तरी तो लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, कापडावर लोकरीच्या दोऱ्याने केलेले भरतकाम आहे.

प्रश्न : मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. रंगाने दोन दिवसांत होणारे चित्र सुईने दोन महिने भरत बसण्याचे कारण काय? केवळ मेहनत दिसावी म्हणून हे केले जाते, असे अनेकदा वाटते.
(एक वाचक, मिरज)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. छापलेल्या छायाचित्रावर चार सोनेरी टाके घातलेली कामे मीही पाहिली आहेत, आणि तो दोरा उसवला तरी चित्राचे काही बिघडले नसते असे त्यांच्याविषयी मनापासून वाटले आहे. मेहनत हा कलेतला गुण आपोआप होत नाही. म्हणून अशा कामासमोर उभे राहताना स्वतःला एकच विचारावे : इथे दोऱ्याने असे काय केले आहे, जे रंगाला करता आले नसते?

सुमाक्षी सिंग यांचे काम या कसोटीला पुरेपूर उतरते. पाण्यात विरघळणाऱ्या कापडावर त्या वास्तूंचे खांब, दारे आणि जाळ्या दोऱ्याने भरतात आणि मग ते कापड पाण्यात विरघळवून टाकतात. मागे उरतो तो फक्त दोरा, आणि त्या दोऱ्याचे हवेत लोंबणारे घर. आजीआजोबांचे घर त्यांनी याच पद्धतीने पुन्हा उभे केले आहे. घर गेले आणि त्याची आठवण राहिली, ही गोष्ट इथे पद्धतीतच मुरलेली आहे, चित्राखालच्या ओळीत ती लिहावी लागत नाही. प्रिया रविश मेहरा (१९६१–२०१८) यांनी उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादच्या रफूगरांबरोबर अनेक वर्षे काम केले. रफू दिसू नये यातच रफूगराचे कसब असते; मेहरा यांनी ते मुद्दाम दिसेल असे मांडले, आणि फाटलेपण व सांधणे यांकडे पाहण्याची आपली नजरच वेगळी केली. फ्रान्समध्ये जन्मलेल्या लुईझ बुर्जुआ यांच्या घरचा व्यवसाय जुन्या टॅपेस्ट्री दुरुस्त करण्याचा होता. नव्वदी गाठल्यावर, २००२ साली, त्यांनी कापडाचे एक पुस्तक शिवले, आणि त्याच्या पानांसाठी लग्नात मिळालेले, आद्याक्षरे भरलेले आपले जुने टॉवेल वापरले. रुखवतातले रुमाल साठ वर्षे जपून शेवटी त्यांचेच पुस्तक करावे, तसे हे आहे. कागदावर रंगवून ते साधले नसते.

तुम्ही मिरजेत राहता, म्हणजे कसुती हे कर्नाटकातले पारंपरिक भरतकाम तुमच्या दाराशी आहे. इरकलीवरचे कसुतीचे भरतकाम जवळून पाहा. कापडावर आधी काहीही रेखाटलेले नसते, ताणाबाणा मोजून टाका घातला जातो, गाठ कुठेच नसते, आणि गवंती व मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. एकदा धागा मोजण्यात चूक झाली की ती पुढच्या प्रत्येक टाक्यात येत राहते. रंग वर थापून झाकता येतो, हे झाकता येत नाही, आणि हा फरक हाताला कळावा म्हणून निदान वीतभर कसुती स्वतः करून पाहावी, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. कलादालनांविषयी माझी एक तक्रार इथेच नोंदवते. भरतकाम मागून पुठ्ठा लावून चौकटीत बंद केले की त्याची उलटी बाजू कायमची दृष्टिआड होते. टाका कुठून निघाला, दोरा कुठे संपला, कुठे उसवून पुन्हा घातला, हे सगळे उलट बाजूलाच वाचता येते. शक्य असेल तिथे दोन्ही बाजू दिसतील अशी मांडणी करावी, आणि पाहणाऱ्यांनीही ती मागावी.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या अकरा जणींनी शहरातल्या एका चित्रकाराच्या रेखाटनावरून बारा फुटांचा पडदा पाच महिने खपून भरला. कलादालनातल्या पाटीवर फक्त त्यांचेच नाव होते आणि खाली ‘स्थानिक महिलांच्या साहाय्याने’ एवढी ओळ होती. मजुरी ठरल्याप्रमाणे मिळाली. तरी मनाला लागले. आमचे काही चुकते आहे का?
(बचत गटातल्या एक ताई, कराड तालुका)

उत्तर : ताई, तुमचे काहीही चुकत नाही. मजुरी हा वेळेचा मोबदला आहे. ती चुकती झाली म्हणून नावाचा प्रश्न निकाली निघत नाही.

या प्रश्नाची सर्वांत गाजलेली गोष्ट इटलीचे अलिगिएरो बोएत्ती यांच्या नकाशांची आहे. १९७१ पासून त्यांनी काबूलमध्ये अफगाण बायकांकडून जगाचे मोठमोठे नकाशे भरून घेतले, ज्यांत प्रत्येक देश त्याच्या झेंड्याच्या रंगात असे. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर हेच काम पेशावरच्या निर्वासितांमध्ये चालू राहिले, ते १९९४ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत. मधल्या काळात एक नकाशा परत आला तो गुलाबी समुद्र घेऊन. समुद्रापासून दूर राहणाऱ्या त्या बायकांनी हाताशी भरपूर असलेला गुलाबी दोरा पाण्यासाठी वापरला होता. बोएत्तींनी तो उसवायला लावला नाही; उलट पुढे समुद्राचा रंग त्यांनी भरणाऱ्यांवरच सोपवला. आज त्या नकाशांतले सर्वांत लक्षात राहणारे समुद्र त्या बायकांनी ठरवलेले आहेत, आणि तरीही जगभरच्या संग्रहालयांत नाव दिसते ते एकट्या बोएत्तींचे. तो गुलाबी समुद्र छापील चित्रात जरी पाहिला, तरी हे निनावीपण मला दर वेळी खुपते.

याच्या उलट उदाहरणही आहे. अमेरिकेच्या जूडी शिकागो यांनी १९७४ ते १९७९ या काळात इतिहासातल्या स्त्रियांसाठी ३९ ताटे मांडलेले एक त्रिकोणी भोजनमेज घडवले, ज्यात प्रत्येक ताटाखालची पट्टी त्या त्या काळच्या भरतकामाच्या रीतीने भरलेली आहे. त्यासाठी सुमारे ४०० जणांचे हात लागले. कल्पना एकटीची असली तरी मदत करणाऱ्यांची नावे फलकांवर लिहून त्या कामाबरोबर मांडली गेली. मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमधल्या कारागिरांनी माधवी आणि मनू पारेख यांच्या चित्रांवरून भरलेली भव्य वस्त्रचित्रे २०२२ साली पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या आवारात लागली, तेव्हा चित्रकारांबरोबर संस्थेचे नावही सांगितले गेले. हे एक पाऊल पुढे आहे, पण संस्थेच्या नावामागे माणसांची नावे दडू नयेत, असे माझे मत आहे.

आता तुमच्या पडद्याकडे येऊ. रेखाटन त्यांचे आहे, याविषयी वाद नाही. पण नदीचे पाणी देठ टाक्याने भरायचे की साखळी टाक्याने, डोंगराचा दोरा कोणत्या दिशेने फिरवायचा, दोन छटा कुठे एकमेकींत मिसळायच्या, हे कुणी ठरवले? त्यांनी प्रत्येक टाका कागदावर नोंदवून दिला असेल तर तुमचे काम कसबी कारागिरीचे ठरेल आणि तरीही अकरा नावे पाटीवर असावीत. तुम्ही ते ठरवले असेल, तर तुम्ही त्या कामाच्या सहकर्त्या आहात. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीच्या व्याख्येत चित्र-शिल्पांबरोबर कलात्मक कारागिरीची कृतीही येते, एकत्रित कर्तृत्वाची कल्पना आहे, आणि हक्क दुसऱ्याला दिले तरी कर्तेपण सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. तुमच्या पडद्याला हे कितपत लागू होईल ते करारावर अवलंबून आहे, म्हणून तो कागद घेऊन एखाद्या वकिलाला जरूर भेटा.

त्याआधी चित्रकाराला आणि कलादालनाला साधे, सभ्य भाषेतले पत्र लिहा आणि अकराही नावे त्यात द्या. पाटी बदलणे हे एका छापील कागदाचे काम आहे, आणि पुष्कळदा नावे राहून जातात ती कुणाला सुचले नाही म्हणून. पुढचे काम घेताना मात्र नावे कुठे आणि केवढ्या अक्षरांत येतील, काम विकले गेल्यास गटाला काही वाटा मिळेल का, आणि बिघडलेला भाग उसवून पुन्हा भरावा लागला तर त्या दिवसांची मजुरी कोण देईल, हे सुईत दोरा ओवण्याआधी लिहून घ्या. पडद्याच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, अकरा जणींनी आपापले नाव स्वतःच्या हाताने भरावे आणि ते करारातही नमूद असावे, असे मला वाटते.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले आणि आईने शिवलेली वाकळ दोन दिवस त्यात राहिली. वाळवून ठेवली, पण गाळाची तपकिरी रेघ गेलेली नाही. पुराच्या आठवणींवरच्या एका प्रदर्शनात ती मांडण्याविषयी विचारणा झाली आहे. त्याआधी डाग काढावा का, आणि ती टांगावी कशी?
(एक वाचक, गावभाग, सांगली)

उत्तर : डाग काढू नका. ब्लीचिंग पावडरसारख्या कोणत्याही द्रव्याने सुती धागा कमजोर होतो, आणि गाळ धुवायला म्हणून वाकळ पुन्हा भिजवली तर आतल्या थरांतल्या जुन्या साड्यांचे रंग वर फुटण्याचा धोका असतो. शिवाय ओल्या वाकळेचे वजन इतके वाढते की उचलताना जुना दोरा तटातट तुटतो. पण या व्यावहारिक कारणांखेरीज आणखी एक कारण आहे. ज्या प्रदर्शनात ती जाणार आहे तिथे ती तपकिरी रेघ हाच पुराचा पुरावा आहे. कृष्णेचे पाणी कुठवर चढले हे गावभागातल्या भिंतींवर रंगाखाली गेले, ते तुमच्या आईच्या कापडावर राहिले आहे.

कापडाने साक्ष देण्याची ही रीत जगाला अनोळखी नाही. चिलीमध्ये १९७३ ते १९९० या पिनोशेच्या लष्करी राजवटीत ज्यांची माणसे नाहीशी झाली, त्या बायकांनी गोणपाटावर चिंध्यांचे तुकडे शिवून आपले दुःख चित्रांत मांडले. कॅथलिक चर्चच्या आश्रयाने चाललेल्या कार्यशाळांत हे काम होई आणि तिथून ते गुपचूप देशाबाहेर जाई. आज ती कापडे मोठ्या संग्रहालयांत आहेत, आणि त्यांतला गोणपाट कुणी बदललेला नाही.

डाग ठेवायचा म्हणजे घाण ठेवायची असे मात्र नाही. सुटा गाळ आणि बुरशीची भुकटी कापडाला आणि श्वासालाही वाईट. कोरड्या दिवशी, तोंडाला मास्क लावून, ओसरीवर किंवा सावलीच्या अंगणात वाकळ स्वच्छ चादरीवर पसरा आणि मऊ ब्रशने हलकेच झाडा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर ओढ कमीत कमी ठेवून, वाकळेवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा धरून त्यावरून फिरवा, म्हणजे सुटे धागे आत ओढले जाणार नाहीत. उन्हात घालू नका. ओलसर वास अजून येत असेल तर दोन-तीन दिवस पंख्याच्या वाऱ्यावर उलटसुलट ठेवा.

टांगताना खिळे, चिमटे आणि डिंक या तिन्हींना जवळ येऊ देऊ नका. मांजरपाटाचे कापड आधी धुऊन त्याची खळ काढून टाका, आणि त्याचा वाकळेच्या पूर्ण रुंदीचा नेफा करून मागच्या बाजूला वरच्या काठाशी शिवा. सुई सर्व थरांतून आरपार गेली पाहिजे, नाहीतर सगळा भार एकट्या अस्तरावर येईल. नेफ्यातून अ‍ॅल्युमिनियमची नळी घाला. लाकडी दांडी असेल तर तिला सुती कापड गुंडाळा, कारण लाकडातले आम्ल काही वर्षांनी कापडावर पिवळे उमटते. आयोजकांनी चौकटीचा आग्रह धरला तर काच कापडाला टेकणार नाही एवढे अंतर ठेवायला सांगा. उजेडाचेही विचारा. संग्रहालये जुन्या वस्त्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, कारण उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. खिडकीसमोरची भिंत साफ नाकारा, आणि प्रदर्शन दोन-तीन महिन्यांहून लांबणार असेल तर वाकळ मध्येच उतरवून घेण्याची अट घाला. परत आल्यावर घडी घालू नका. जाड नळीवर जुने, धुतलेले धोतर गुंडाळून त्यावर ती सैल गुंडाळून ठेवा.

ती देण्याआधी एक काम घरीच करा. मांजरपाटाच्या बोटभर रुंद पट्टीवर आईचे पूर्ण नाव, वाकळ शिवली ते साल आणि घरात पाणी आले ती तारीख धुण्यात न जाणाऱ्या शाईने लिहा, शाई नीट वाळू द्या, आणि ती पट्टी नेफ्याच्या खाली चार टाक्यांनी पक्की करा. पाटीवर काय छापायचे असे आयोजकांनी विचारले तर त्यांना तीच दाखवा.